माणसाचं कुठलं, उंदराचं कुठलं

फेब्रुवारी सरत आला की माझ्या टेबलावर जर्नलांचा ढीग वाढायला लागतो. खाकी कव्हरं, त्यांवर जपून काढलेली नावं, आत शिसपेन्सिलीच्या आकृत्या. दापोलीच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायला लागून काही वर्षं झाली, तरी या सह्या करताना हात अजून थोडा अवघडतो. प्रयोगशाळेमागे काजूची चार झाडं आहेत. उन्हं चढली की बोंडांचा आंबूसगोड वास खिडकीतून आत येतो आणि फॉर्मॅलिनच्या वासात मिसळतो. लांबच्या कुठल्यातरी वाडीत शिमग्याच्या ढोलावर कोणी हात बसवत असतो. वास, ढोल आणि जर्नलं असं सगळं एका दुपारी जमून आलं, की मी माझ्या शेवटच्या वर्षाच्या रत्नागिरीत जाऊन पोचते.

यंदा तर एका मुलीनेच मला तिथे पाठवलं. जर्नल पुढे करत ती म्हणाली, "मॅडम, आता माणसाची सगळी जनुकं वाचून झाली. कॉम्प्युटरवर बघितलं की कळतं कुठलं जनुक कुठे ते. मग ते संकर पेशींचं जुनं प्रकरण आम्ही कशाला शिकायचं?"

प्रश्न रास्त होता. मी तिला परीक्षेपुरतं उत्तर दिलं आणि सही केली. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि त्यात माझी आई आहे.

कोकण रेल्वे सुरू होऊन तेव्हा वर्षभर झालं असेल. आमचं गाव लांज्यापासून आत. मी रत्नागिरीत एका नात्यातल्या बाईंकडे राहून शिकत होते आणि शनिवारी एसटीने घरी जात होते. वडील लवकर गेलेले. थोरला भाऊ विलास मुंबईला एका छापखान्यात कामाला होता आणि आई गावात भात, कुळीथ, दोन म्हशी असं एकटीच बघत होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे नापास होण्याची चैन मला परवडणारीच नव्हती.

परीक्षा जवळ आली तशी जो तो कुठला धडा सोडून द्यायचा याची गणितं मांडू लागला. अनुवंशशास्त्रातला शेवटचा भाग सगळ्यांनीच ऑप्शनला टाकला होता. माणसाच्या पेशीतलं एखादं एन्झाइम तयार करणारं जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे, ते उंदराच्या आणि माणसाच्या पेशी एकत्र जुळवून कसं शोधलं, असा तो भाग. पुस्तकात दीड पान होतं आणि एक तक्ता, अधिक-उण्याच्या खुणांनी भरलेला. तो तक्ता पाहूनच पोरं पान उलटायची.

साळवी मॅडमना हे कळलं. त्या आम्हाला अनुवंशशास्त्र शिकवायच्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, सुती साडी नेसणाऱ्या, आवाज कधीच न चढवणाऱ्या. त्यांनी फळ्यावर एवढंच लिहिलं, 'शनिवारी दुपारी दोन वाजता, ज्यांना यायचं त्यांनी.' आम्ही अकरा जण गेलो. मी गेले ते गावची एसटी साडेचारला होती म्हणून.

मॅडमनी पुस्तक उघडलंच नाही. पर्समधून एक जाड पाकीट काढलं, त्यातून पोस्टकार्डाएवढा काळापांढरा फोटो काढला आणि तो आमच्या हातांतून फिरवला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या काड्यांचे तुकडे विखुरलेले होते.

"ही एकाच पेशीतली गुणसूत्रं आहेत," मॅडम म्हणाल्या. "ज्यांना कंबर दिसते, म्हणजे मधेच कुठेतरी आवळल्यासारखी आहेत, ती माणसाची. ज्यांना कंबर नाही, एका टोकाशीच जुळलेली आहेत, ती उंदराची. मोजा बघू माणसाची किती ते."

आम्ही मोजली. कुणी पाच म्हणालं, कुणी सहा.

"सहा. माणसाच्या पेशीत असतात शेहेचाळीस. मग बाकीची कुठे गेली?"

मग मॅडमनी सांगितलं, आणि त्या दुपारी प्रथम मला कळलं की शास्त्र म्हणजे आधी कुणीतरी हाताने केलेलं काम असतं. उंदराची आणि माणसाची पेशी शेजारीशेजारी ठेवून त्यांना एकमेकींत मिसळायला लावायचं. दोघींची मिळून एक पेशी होते. ती जगते, वाढते, एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. पण दर वाढीत ती माणसाची गुणसूत्रं गाळत जाते. उंदराची सगळी ठेवते, माणसाची टाकते. का, ते तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. पण कोणती टाकायची याचा तिला काही नियम नसतो, आणि याच गोष्टीचा उपयोग झाला. एका पेशीच्या वंशात माणसाचं तिसरं, अकरावं आणि एक्स राहतं, दुसरीच्या वंशात सातवं आणि अकरावं, तिसरीत आणखी काही वेगळंच. असे वीस-पंचवीस वंश निरनिराळ्या बाटल्यांत वाढवायचे. प्रत्येकात माणसाची कोणती गुणसूत्रं उरली ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, आणि माणसाचं ते एन्झाइम तयार होतंय का तेही बघायचं.

"ते कसं बघायचं?" मी विचारलं.

"खळ करून," मॅडम म्हणाल्या, आणि हसल्या. "बटाट्याच्या स्टार्चची. ढवळत ढवळत शिजवायची, गुठळी होऊ द्यायची नाही, चौकटीत ओतून निववायची. त्या वडीत पेशींचा रस ठेवून वीज सोडली की माणसाचं एन्झाइम एका वेगाने पुढे सरकतं, उंदराचं दुसऱ्या वेगाने. मग रंग देणारं द्रावण ओतलं की दोन वेगळे पट्टे उमटतात. सुरुवातीला माझी खळ रोज बिघडायची. आमचे सर म्हणाले, तुम्ही कोकणातल्या ना, तांदळाच्या फेण्या घालताना कधी चीक शिजवला नाहीत का?"

तेव्हा आम्हाला कळलं की मॅडमनी हे वाचलेलं नव्हतं, केलेलं होतं. लग्नाआधी, पंचाहत्तरच्या आसपास, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तीन वर्षं. पुढे लग्न होऊन त्या रत्नागिरीला आल्या आणि इथे पेशी वाढवायची सोय कुठली असायला? सरांनी नंतर जो निबंध छापला त्यात शेवटी मदतनिसांचे आभार होते, त्यात मॅडमचं आडनाव होतं, माहेरचं.

"त्या निबंधात चोवीस ओळींचा तक्ता आहे," त्या म्हणाल्या. "त्यातल्या दोन ओळी माझ्या बाटल्यांच्या. त्या दोन ओळी कुणी खोडून दाखवाव्यात."

त्यांच्यासारख्या मवाळ बाईच्या तोंडचं ते वाक्य ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पण त्या फळ्याकडे वळल्या होत्या. त्यांनी एक छोटा तक्ता काढला. डावीकडे आठ पेशीवंश, वर गुणसूत्रांचे आकडे, शेवटच्या रकान्यात एका एन्झाइमचं असणं-नसणं. "ज्या रकान्याच्या खुणा शेवटच्या रकान्याशी शेवटपर्यंत जुळतात, त्या गुणसूत्रावर ते जनुक. शोधा."

तिसरं पहिल्या पाच ओळी जुळत गेलं आणि सहाव्यात फसलं. अकरावं दुसऱ्याच ओळीत गेलं. एक्स मात्र वरपासून खालपर्यंत जुळलं. मी हात वर केला. शिकायला लागल्यापासून सगळ्यांच्या आधी हात वर करायची ती माझी पहिलीच खेप होती.

"बरोबर. या एन्झाइमचं नाव जी-सिक्स-पीडी. हे एक्सवर आहे असं घराण्यांच्या अभ्यासावरून आधीच वाटत होतं. पेशींनी तेच सांगितलं, म्हणून तर लोकांचा पेशींवर विश्वास बसला. हे एन्झाइम तांबड्या पेशींना सांभाळतं. काही घराण्यांत ते फार कमी असतं. एरवी माणूस ठणठणीत असतो, पण हिवतापाची एक विशिष्ट गोळी त्याच्या पोटात गेली की तांबड्या पेशी फुटायला लागतात. डोळे पिवळे होतात, लघवी काळपट लाल होते. बायकांना एक्स दोन, म्हणून त्या बहुतेक निभावतात. पुरुषांना एकच."

त्या गोळीचं नाव त्यांनी फळ्यावर लिहिलं, ते उतरवून घेऊन मी वही मिटली. आमच्या घरात एक गोष्ट होती जी कधी पूर्ण सांगितली जायची नाही. आईचा धाकटा भाऊ सदामामा. मुंबईहून ताप घेऊन गावी आला आणि आठवड्यात गेला. त्याची लघवी कोकमाच्या आगळासारखी झाली होती, हे मी लहानपणी मावशीच्या तोंडून ऐकलं होतं. तो देवराहाटीतली फांदी तोडून आला होता म्हणून असं झालं, असं गाव सांगायचं. देवराहाटी म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, तिथलं वाळकं पानही कुणी घरी आणत नाही. आई या गोष्टीवर कधीच काही बोलायची नाही. विषय निघाला की ती उठून गोठ्यात जायची.

त्याच संध्याकाळी मी घरी पोचले तर विलासदादा ओटीवर घोंगडी पांघरून बसलेला. शिमग्याला चार दिवसांची रजा काढून कोकण रेल्वेने आला होता, आणि गुरुवारपासूनच त्याला थंडी वाजून ताप होता. दवाखान्यात रक्त तपासलं, हिवताप निघाला. पहिल्या गोळ्यांनी ताप उतरायला लागला होता. आता पुन्हा उलटू नये म्हणून दुसऱ्या, पाच दिवस घ्यायच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या होत्या. कागदाची पुडी कोनाड्यात होती, पाण्याच्या तांब्याशेजारी. जेवण झालं की पहिली घ्यायची होती.

मी पुडीवरचं नाव वाचलं. वहीतल्या नावाशी ताडून पाहिलं.

"दादा, ही घेऊ नको."

"का? परीक्षा तुझी, ताप माझा," तो हसून म्हणाला. "परवा पालखी आपल्या दारात येतेय. मला खांदा द्यायचाय. गोळ्या घेतल्या की मोकळा."

मी मॅडमनी सांगितलेलं सांगायला लागले आणि शब्द चुकायला लागले. उंदीर, गुणसूत्र, खळ. दादाला हसू आवरेना. मग मी एकदम म्हणाले, "सदामामाने पण हीच घेतली असेल."

चुलीपाशी आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"कोण सांगलान तुला?"

"कोणी नाय सांगितलं. मी विचारतेय. आये, मामाला कसल्या गोळ्या दिल्या होत्या?"

तव्यावरची भाकरी करपली, आईने ती उतरवून बाजूला ठेवली. मग चुलीकडे बघतच बोलायला लागली.

"हा विलास अंगावर पीत होता तेव्हाची गोष्ट. मी माहेरी होते. सदा तापाने फणफणलेला. तापाच्या गोळ्या देणारा माणूस वाडीत यायचा, तेनं दिल्या. सदा कडू म्हणून घेत नव्हता. मी तेचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्या हाताने भरवल्या. गुळाच्या खड्यात घालून. तिसऱ्या दिवशी तेला लाल व्हायला लागलं. लोकं म्हणाली फांदी तोडलान म्हणून. मी म्हटलं, बरं. फांदीने तर फांदीने."

एवढं बोलून ती उठली, कोनाड्यातली पुडी घेतली आणि कनवटीला लावली. "सकाळी दवाखान्यात जाऊ," म्हणाली. "तोवर कोणी काय घेणार नाय."

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, कोल्हापूरकडचे, नोकरीचं पहिलंच वर्ष. रविवार असूनही ओपीडीत बसले होते. माझं बोलणं त्यांनी अर्धं ऐकलं. "काय शिकताय?"

"बी.एस्सी. शेवटचं वर्ष."

"मग नेमका तेवढाच धडा वाचलाय बघा," ते म्हणाले. त्यात वाईटपणा नव्हता, थकवा होता. "अहो, ह्या गोळ्या आम्ही रोज देतो. कुणाला काय होत नाही."

आई तोवर दाराशी उभी होती. ती पुढे आली, कनवटीची पुडी टेबलावर ठेवली. "रोज देता ते खरं असेल, डॉक्टर. पण माझ्या घरातला एक गेलाय. लाल लघवी होऊन, पिवळा पडून, पाच दिवसांत. गोळ्या मी भरवल्या होत्या. आता हा दुसरा. तुम्ही तपासून द्या, मी भरवते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आईला बसायला सांगितलं आणि मग सगळं नीट विचारलं, कोण कुणाचा भाऊ, किती दिवसांनी काय झालं. शेवटी म्हणाले, "असं असेल तर थांबलेलं बरं. पण ही तपासणी इथे होत नाही. मुंबईला पाठवायला लागेल, उत्तर यायला वेळ जाईल. तुमच्या मॅडमना काही करता येतंय का बघा. तोपर्यंत ह्या गोळ्या बंद, पहिल्या पुऱ्या करा." त्यांनी दादाचं रक्त दोन बाटल्यांत काढलं. एक मुंबईसाठी ठेवली. दुसरी बर्फाच्या थर्मासात घालून माझ्या हातात दिली.

सोमवारी पहाटेच्या एसटीत तो थर्मास मांडीवर घेऊन मी बसले होते. मंगळवारी माझी प्रात्यक्षिक परीक्षा. कातळावरून गाडी जाताना बाहेर पांगारे लालभडक फुललेले होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मॅडमनी थर्मास बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि काहीही न विचारता कपाट उघडलं. परीक्षेसाठी मांडलेली टेबलं त्यांनी एका बाजूला केली. एका जुन्या पुस्तकातून त्यांनी एक साधी तपासणी काढली. रक्तात थोडं नायट्राइट, थोडं ग्लुकोज आणि मिथिलिन ब्लूचे थेंब घालायचे, अंगाच्या उबेइतक्या उष्णतेत तीन तास ठेवायचं. एन्झाइम पुरेसं असेल तर रक्त पुन्हा लाल होतं. नसेल तर तपकिरीच राहतं.

"ताडून बघायला निरोगी रक्त लागेल," असं म्हणून त्यांनी स्वतःचा दंड पुढे केला. शिपाईमामांच्या ओळखीची एक परिचारिका आली होती, तिने मॅडमचं रक्त काढलं. मग मॅडम म्हणाल्या, "तुझंही घेऊ या का? विचार करून सांग. जे कळेल ते मग परत कळलं नाही असं करता येत नाही."

मी दंड पुढे केला.

ते तीन तास मी वर्गातल्या बाकावर जर्नल उघडून बसले आणि एक ओळही वाचली नाही. बारानंतर मॅडमनी हाक मारली. तीन नळ्या खिडकीपाशी उजेडात धरलेल्या होत्या. पहिली मॅडमची, स्वच्छ लाल. दुसरी दादाची, कातासारखी तपकिरी. तिसरी माझी, धड लाल नाही, धड तपकिरी नाही.

"हे निदान नव्हे," मॅडम लगेच म्हणाल्या. "कॉलेजातला प्रयोग आहे. निदान मुंबईचा कागद करील. पण डॉक्टरांना आत्ता फोन करू." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त नळ्यांचा स्टँड खाली ठेवताना त्यांनी तो दोन्ही हातांनी ठेवला. फोन त्यांनीच केला. बोलताना त्यांनी आपलं नाव सांगितलं, आणि मग माझंही सांगितलं. "विद्यार्थिनीने ओळखलं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत काय लिहिलं ते मला आठवत नाही. पास झाले. दादाने पालखीला खांदा दिला नाही, पण ओटीवर उभं राहून ढोलाच्या तालावर हात मात्र हलवत राहिला. मुंबईच्या कागदाने नंतर तपकिरी नळीचंच म्हणणं सांगितलं. डॉक्टरांनी ते दादाच्या कागदांवर लाल शाईने लिहून दिलं. गावातल्या दवाखान्यात त्यांनी पुढे एक वही ठेवली आणि हिवतापाच्या प्रत्येक रोग्याला घरात असं कुणाला झालं होतं का हे विचारायला लागले. हे मला त्यांच्या बदलीनंतर कळलं.

परीक्षा संपल्यावर आई मॅडमना भेटायला रत्नागिरीला आली. कुळथाचं पीठ आणि घरचे पोहे घेऊन. प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून आत आली आणि स्टुलावर अवघडून बसली. मॅडमनी तिला तो काळापांढरा फोटो दाखवला. आईने तो लांब धरला, जवळ धरला.

"यात माणसाचं कुठलं आणि उंदराचं कुठलं?"

मॅडमनी कंबर दाखवली. आईने सहाच्या सहा बोटाने मोजली, एकदाही न चुकता. मग फोटो परत देत तिने जे विचारलं ते विचारायलाच ती आली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"म्हणजे सदा गोळ्यांनीच गेला ना, बाई? माझ्या हातच्या."

मला वाटलं, मॅडम म्हणतील तसं नाही हो. पण मॅडम खोटं बोलल्या नाहीत. त्या आईच्या समोर दुसरं स्टूल ओढून बसल्या.

"बहुतेक गोळ्यांनीच. नक्की आता कोणी सांगू शकणार नाही. तुम्ही त्याला गोळ्या भरवल्यात, त्याच सुमाराला मी मुंबईत बसून याच पेशी वाढवत होते. त्या एन्झाइमचे पट्टे रोज बघत होते. मी कोकणातली. पण लांज्याजवळच्या एका घरात असं कुणाला होत असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पट्टा दिसला की मी कागदावर खूण करायची आणि पुढच्या बाटलीकडे वळायची. तुम्हाला कसं कळणार होतं?"

आई मान खाली घालून ऐकत होती. मग तिने पदराने डोळे पुसले, सरळ बसली आणि म्हणाली, "माझ्या बहिणीला दोन मुलगे आहेत. तिला काय सांगायचं ते नीट सांगा. मी पाठ करते."

तो मे महिना आम्ही एसटीत काढला. लोक आंब्याच्या पेट्या घेऊन मुंबईला जात होते आणि आम्ही दोघी आईच्या माहेरच्या माणसांकडे. मुरुडला मावशी, पोफळीच्या वसाहतीत आईची मावसबहीण, आणखी दोन वाड्यांत मामेबहिणी. पहिल्यांदा मावशीकडे मी बोलले. गुणसूत्र म्हणाले, जनुक म्हणाले. मावशीचं तोंड बारीक होत गेलं. शेवटी आईने माझा हात दाबला.

"थांब गो बाय. मी सांगते." ती मावशीकडे वळली. "बाईकडे दोन असतात. एक बिघडलं तर दुसरं सांभाळून घेतं. पुरुषाकडे एकच. ते बिघडलं तर तेला सांभाळायला कोण नाय. म्हणून तेनं स्वतः सांभाळायचं. हिवतापाच्या ह्या गोळ्या घ्यायच्या नायत, तपासल्याशिवाय."

मावशीने विचारलं, "मग आपला सदा फांदीने नाय गेला?"

"नाय. गोळ्यांनी गेला. त्या मी दिल्या. ते मी मानते." आईने मावशीचा हात धरला. "पण तुझे मुलगे जायचे नायत."

मावशी उठली आणि आईच्या गळ्यात पडली. चोवीस वर्षांत त्या दोघी एकमेकींजवळ सदामामाचं नाव घेऊन रडल्या नव्हत्या. बाहेर समुद्राचा आवाज येत होता. मी अंगणात जाऊन उभी राहिले.

पुढे मावशीच्या मुलांचं रक्त तपासलं, थोरल्याला आहे, धाकट्याला नाही. पोफळीला एकाला आहे. माझ्यात ते अर्धं आहे. आईला माझ्या लग्नाची धास्ती होती. "हे मुलाकडच्यांना सांगू नको गो," म्हणाली. मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाली, "सांग. दुसऱ्याच्या घरात न सांगता कशाला पाठवायचं?" मी सांगितलं. पहिल्या मुलाकडून पुन्हा निरोप आला नाही. दुसरा दापोलीच्या कृषी विद्यापीठात कामाला होता. तो म्हणाला, "मुलगा झाला तर रक्त तपासू, आणि काय?" आम्हाला मुलगा झाला. आम्ही तपासलं. त्याला नाही.

साळवी मॅडम निवृत्त झाल्या. माझ्या नेमणुकीचं पत्र त्यांना दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि तो फोटो मला देऊन टाकला. "वर्गात फिरव," म्हणाल्या. तो मी दरवर्षी फिरवते. कोणती मुलं सहा मोजतात आणि कोणती पाच, ते बघत उभी राहते.

दोन वर्षांपूर्वी मावशीचा थोरला गणेश मुंबईत तापाने आजारी पडला. मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना त्याने गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाकुणाला आहे? गणेशला सगळं सांगता येईना. त्याने आमच्या गावच्या घरी फोन लावला आणि तो बाईंच्याच हातात दिला. मी तेव्हा माहेरी होते, रिसीव्हर उचलून आईकडे दिला.

आईने पदर सारखा केला, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि ऐकलं. चौथी शिकलेली माझी आई, जिने बाहेरच्या माणसाला कधी आवाज चढवून सांगितलं नाही, ती एकेक नाव घेत गेली. हा माझ्या बहिणीचा, याला आहे. हा त्याचा भाऊ, याला नाय. हा माझा मुलगा विलास, याला आहे. ही माझी मुलगी, हिच्यात अर्धं. हा माझा भाऊ सदानंद, हा गेला, त्याचं वय बावीस. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, बहुधा हे सगळं तुम्हाला कसं माहीत.

"आमचं घरचं आहे, बाई. एक्सवर असतं," आई म्हणाली. "सावकाश सांगते परत. तुम्ही लिहून घ्या."

आणि मुंबईतल्या डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं.